सरकारी डोक्यावरची मोळी

जंगलखात्याचे नाकेदार सुपडूनाना रोज दुपारी तीनच्या सुमारास डोक्यावरची सरकारी टोपी काढून खिळ्याला अडकवत, तिच्या जागी जुन्या खाकी पँटच्या कापडाची चुंबळ ठेवत आणि जंगलातून उतरलेल्या बायकांच्या रांगेकडे वळून म्हणत, "आना, पहिली मोळी."

दोघी जणी मिळून ती मोळी नानांच्या डोक्यावर चढवायच्या. मग नाना नाक्याच्या आडव्या बांबूपासून पाण्याच्या रांजणापर्यंत जायचे आणि परत यायचे. चालताना एका दमात स्वतःचं नाव-गाव म्हणायचे, "सुपडू वेडू पाटील, मुक्काम भडगाव, तालुका भडगाव, जिल्हा पूर्व खानदेश!" दम न तुटता 'खानदेश' आलं तर मोळी पास. 'तालुक्या'पाशी दम तुटला तर दोन लाकडं बाहेर. 'मुक्कामा'पाशी तुटला तर चार. आणि 'सुपडू'लाच घुसमटले, तर मोळी बांधणारीकडे ते असे बघत, जणू तिने अख्खा सातपुडाच दोरीत आवळून आणलाय.

असं रोज तीस मोळ्यांचं. चोपड्याच्या उत्तरेला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी असलेल्या त्या पाड्यात घरंच तीस होती, आणि कायदा असा होता की प्रत्येक घरामागे एका बाईने रोज एक डोईभार लाकूड घरच्या चुलीसाठी न्यावं. लाकूड वाळलेलं आणि खाली पडलेलं हवं, उभ्या झाडाला कोयता लागता कामा नये. सगळं अगदी बारकाईने लिहिलेलं होतं. फक्त डोईभार म्हणजे किती, हे लिहायचं कोणाला सुचलं नव्हतं. आधीच्या नाकेदारांनी त्यावर डोकं चालवलं नाही. सुपडूनानांनी मात्र ते चालवलंही आणि पुढेही केलं.

"डोकं कोनं?" ते मला समजावत. "बाईनं धरं, तं एक बाई म्हैसनामायक, दुसरी चिमनीनामायक. मंग कायदा सारखा कसा व्हई? कायदा सरकारना शे, मंग डोकंबी सरकारनंच धरानं. आनी आठे सरकार कोन शे? मी शे!"

हे सरकार उंचीने जेमतेम पाच फूट, अंगाने काडी, आणि मान सुरईसारखी लांब. त्या मानेवर पूर्व खानदेशातलं एक अख्खं जंगल उभं होतं, हे मला समजायला फार वेळ लागला.

मी नशिराबादचा. वडील जळगावला जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे वाहायचे. त्यांना सही येत नव्हती. मी बी.ए. झालो त्या दिवशी त्यांनी गल्लीत घरोघर गूळ वाटला आणि बी.ए. म्हणजे काय, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला "ते पोराला विचारा" असं सांगितलं. मला विकास योजनेत ग्रामसेवकाची नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक या पाड्यावर झाली. विहीर खणायची, शाळा उभी करायची, घरोघर बिनधुराची चूल बसवायची, असे तीन हुकूम खिशात घेऊन मी बैलगाडीतून नाक्यावर उतरलो.

नानांनी माझी लोखंडी ट्रंक पाहिली, टोपी काढली आणि चुंबळ ठेवली. मी म्हटलं, "अहो, मी आत चाललोय. बाहेर काही नेत नाहीये."

"जातांना कितलं व्हतं हाई माहीत नही, तं येतांना कितलं वाढनं हाई कसं समजी?" असं म्हणून त्यांनी गाडीवानाकडून ट्रंक डोक्यावर चढवून घेतली. "सु..." एवढंच तोंडातून आलं. ट्रंक दाणकन खाली.

"काय भरेल शे रे भो यामा?"

"पुस्तकं."

"बठ्ठी?"

"हो, सगळी."

नानांनी मान चोळत मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "इतलं वाचीसनबी मानूस सरळ उभा ऱ्हास?" त्या दिवसापासून माझं नाव बी.ए. पडलं. पाड्यातल्या लहान मुलांपर्यंत सगळे मला बी.ए.च म्हणत. माझं खरं नाव फक्त माझ्या पगारपत्रकावर उरलं.

नाना नाक्यावरच राहायचे. एक खोली, एक खाट, एक चूल. बायको लग्नानंतर तीनच वर्षांत गेलेली, मूल नाही, भडगावला भाऊ होता पण येणं-जाणं नव्हतं. पाडा हाकेच्या अंतरावर होता, पण नाक्यावरच्या नऊ वर्षांत त्यांनी पाड्यातल्या एकाही घराचा उंबरा ओलांडला नव्हता. कोणी गुळाचा चहा पुढे केला तर दोन्ही हात मागे बांधून उभे राहत. "नाकेदारानं पानी पिधं, का जंगल गयंच समजा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "कायदामा काय लिखेल शे?" हे ते कशावरही विचारत. मी एकदा म्हटलं, नाना, आज फार उकडतंय. तर म्हणाले, "कायदामा काय लिखेल शे?"

खालच्या सपाटीवरचे केळीवाले या प्रश्नाला फार वैतागत. घड भरले की केळीचं झाड वाकतं, त्याला बांबूचा टेकू द्यावा लागतो, आणि बांबू डोंगरात. लोटूआबा नावाचे मोठे बागायतदार होते. त्यांच्या गड्याने एकदा डोंगरातून गाडीभर बांबू तोडून आणले. नानांनी गाडी अडवली. दुसऱ्या दिवशी लोटूआबा स्वतः आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी, आवाज असा की रांजणातलं पाणी हलावं.

"नाना, टेकू नही दिधा तं बाग आडवी व्हई!"

"आनी दिधा तं डोंगर आडवा व्हई. कायदामा लिखेल शे, डोईभार. गाडीले डोकं नही."

"गाडीले नही, पन बैलसले शेतना दोन!"

नाना क्षणभर विचारात पडले. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "मंग बैलसना डोकावर मोळी बांधा. तेस्नाकडून नाव-गाव म्हनी घ्या. दम नही तुटना तं लई जा."

रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बांबू जप्त झाले. लोटूआबा जाताना एवढंच म्हणाले, "कधी खाले उना तं दखसू, सरकार."

माझी कामं हळूहळू चालली होती. विहिरीला श्रमदानाने बारा हात खोली मिळाली आणि खडक लागला. बिनधुराची चूल तर पहिल्याच महिन्यात हरली. रायलीबाई ही पाड्यातली सगळ्यांत जाणती बाई. केस पांढरे, दात शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. तिने ती चूल एक दिवस वापरली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात कोंबडी बसवली. "धूर नही तं छप्परमाना किडा कसा मरी, बी.ए.? आनी तुनी चूलवर मनी भाकर मावस नही." मी कार्यालयाला कळवलं की चुलीचा उपयोग सुरू झाला आहे. ते खोटं नव्हतं.

पहिल्याच महिन्यात मला आणखी एक गोष्ट दिसली. नाक्याच्या वर, ओढ्यापाशी, बायका मोळ्या उतरवून पुन्हा सोडायच्या. प्रत्येकीच्या मोळीतून रायलीबाई लाकडं काढून बाजूला टाकायची. मग मोळी एका हाताने उचलून बघायची आणि म्हणायची, "अजून जड शे. काढ."

मला वाटलं, काहीतरी चोरीचा प्रकार आहे. मी विचारलं. रायलीबाईने आधी इकडे-तिकडे पाहिलं.

"नानानी मान शे ना," ती म्हणाली, "गये साल धरायनी व्हती."

मी यायच्या आदल्या वर्षी नानांची मान एका बाजूला धरली होती. पंधरा दिवस ते डाव्या खांद्याकडे बघत नाका चालवत होते. कोणाशी बोलायचं तर अख्खं अंग फिरवत. चुलीवर वाळू तापवून स्वतःच्या हाताने शेक घेत. पण मोळ्या उचलणं काही बंद केलं नाही. कायदा म्हणजे कायदा. तेव्हा बायकांनी ओढ्यापाशी बसून ठरवलं की मोळ्या हलक्या करायच्या, रोज थोड्या थोड्या, त्यांच्या ध्यानात येणार नाही अशा.

"त्याले सांगजो नको हां, बी.ए.," रायलीबाईने मला दम दिला. "मानूस पातळ शे, पन अकड जाड शे."

मी शब्द दिला आणि पाळला. तो पाळणं कठीण होतं, कारण नानांच्या ध्यानात फरक आला होता. त्याचा अर्थ मात्र त्यांनी भलताच लावला. त्यांना वाटलं, मान तयार झाली.

"मान म्हनजे काय शे, बी.ए.? वापरी नही तं देठ, रोज वापरी तं लोखंड," असं ते रांजणापाशी उभे राहून मला सांगत. आता 'खानदेश' झाल्यावरही त्यांचा दम उरायचा. म्हणून त्यांनी पुढे 'मुंबई राज्य' जोडलं. काही महिन्यांनी 'हिंदुस्थान'ही आलं. एक दिवस मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बी.ए., हिंदुस्थानना पुढे काय येस?"

"आशिया खंड."

"बरं," ते म्हणाले. "होळीनंतर दखू."

होळीच्या आधीच वरून कागद आला. कोणीतरी अहवाल दिला होता की पायथ्याच्या पाड्यांमधून रोज मणामणाच्या मोळ्या निघतात, त्यामुळे सागाचे नवे फुटवे तग धरत नाहीत. म्हणून मोळी पाच वर्षं पूर्ण बंद करावी. डिव्हिजनचे साहेब स्वतः पाहणीला येऊन ठरवणार होते.

कागद मीच वाचून दाखवला. मोळी बंद म्हणजे चूल बंद. चूल बंद म्हणजे पाडा उठून सपाटीवर जाणार, कोणाच्या तरी बागेच्या कडेला झोपड्या टाकणार. अर्धी विहीर आणि बिनछपराची शाळा बघायला मी एकटाच उरणार. रायलीबाईने नानांना विचारलं, "तू काय करशी?"

"बंद कर सांगं, तं बंद करसू," नाना म्हणाले. "मी सरकार शे." आणि आत गेले. त्या दिवशी नाक्यावरची चूल पेटली नाही, हे मी पाहिलं.

साहेब आले ते जीपमधून, सोबत एक ताणकाटा घेऊन. माणूस तरुण होता, वाईट नव्हता. कागदावर विश्वास ठेवावा की डोळ्यांवर, हे अजून न ठरलेल्या वयाचा. मोळ्यांची रांग तयार होती. नाना इस्त्रीचा गणवेश घालून पुढे झाले. "साहेब, आमनी मोजनी दखा पहिले." टोपी खिळ्याला, चुंबळ डोक्यावर, मोळी वर. नाना ताठ मानेने निघाले. सुपडू वेडू पाटील, मुक्काम, तालुका, जिल्हा, मुंबई राज्य, हिंदुस्थान, आणि मग, साहेबांच्या तोंडावर, मोठ्याने, "आशिया खंड!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

मग काटा झाडाला टांगला आणि तीच मोळी त्याला अडकवली. साहेब वाकून बघत राहिले. अकरा शेर. मणाचा पाव भाग, फारच झालं तर एक शेर वर.

"नाकेदार," साहेब म्हणाले, "हे लोक लाकूड चुलीत घालतात की दात कोरतात?"

त्यांनी रांगेच्या शेवटची मोळी मागवली. साडेदहा. मधली मागवली. अकरा. साहेबांचा चेहरा बदलला. "आज मी येणार म्हणून मुद्दाम हलक्या आणल्यात. मला काय समजता तुम्ही?"

आता हो म्हटलं तरी गेलं आणि नाही म्हटलं तरी कोण मानणार? मी तोंड उघडणार, तेवढ्यात रायलीबाई पुढे आली. "आज नही, साहेब. तीन वरीस व्हयनात." आणि तिने सगळं सांगून टाकलं. धरलेली मान, वाळूचा शेक, ओढ्यापाशी सोडलेल्या मोळ्या, सगळं. मधूनमधून दुसऱ्या बायका तिची चूक सुधारत होत्या. "मान डावीकडे व्हती माय, उजवीकडे नही!"

साहेब आधी ऐकत राहिले, मग खो खो हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "चला, जंगल दाखवा." दोन तासांनी ते खाली उतरले तेव्हा बूट धुळीने भरले होते आणि ते हसत नव्हते. त्यांनी सागाचे खांद्याएवढे वाढलेले फुटवे पाहिले होते, अंजनाच्या सावलीत न उचललेली वाळकी लाकडं पाहिली होती. जीपच्या पुढच्या भागावर कागद ठेवून त्यांनी हुकूम लिहिला. मोळी चालू राहावी. आणि एवढी वर्षं कायद्यात जी जागा रिकामी होती ती भरून टाकली: डोईभार म्हणजे अकरा शेर, त्याहून जास्त नाही. ताणकाटाही नाक्याला भेट देऊन गेले.

बायका आनंदाने घराकडे निघाल्या. मला तर नाचावंसं वाटत होतं. नाना मात्र काट्याच्या रिकाम्या आकड्याकडे बघत उभे होते. चुंबळ अजून डोक्यावरच होती.

"बी.ए., तुले माहीत व्हतं?"

"हो, नाना."

मला वाटलं, आता रागावतील. मी रागावून घ्यायला तयार होतो. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"मंग इतला दिन चुल्हामा काय जाये?"

मी दोन वर्षं पाड्यात राहत होतो, त्यांच्यात जेवत होतो, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. नाना माझी वाट न बघता पाड्याकडे चालू लागले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एका घराचा उंबरा ओलांडला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. प्रत्येक घरात ते सरळ चुलीपाशी जाऊन उकिडवे बसत आणि राखेवर तळवा धरत. तीन घरांतली एकच राख ऊन होती.

तीन-तीन घरं मिळून एक चूल पेटवत होती. स्वयंपाक एकदाच, सकाळी. संध्याकाळी तीच भाकर पाण्यात बुडवून. एका घरात दहा दिवसांची बाळंतीण होती, तिला ऊन पाणी दिवसाआड मिळत होतं. नानांनी विचारलं, रोज का नाही? तिची सासू हसून म्हणाली, "काय फरक पडस, नाना?"

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तीन घरांत एक चूल पेटते, हे मी पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, मासिक अहवालात लिहिलंही होतं: 'पाड्यात सामुदायिक स्वयंपाकाची प्रथा रुजत असून हे सहकाराचे उत्तम उदाहरण आहे.' कार्यालयाने त्याबद्दल मला शाबासकीचं पत्र पाठवलं होतं. ते पत्र मी वडिलांना नशिराबादला पाठवलं, त्यांनी ते कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि देवाजवळ ठेवलं. ते अजून तिथेच आहे. मागून घ्यायचं धाडस मला झालेलं नाही.

परत येताना मी म्हटलं, "नाना, साहेबांना अर्ज करू. अकराचे वीस शेर करून मागू."

"आते लिखाई गयं, बी.ए. सरकारना हातनं लिखेल पुसाले दहा वरीस लागतस." थोडं चालून ते पुन्हा म्हणाले, "आनी जंगल भरी ऱ्हायनं, हाईबी खरंच शे. वीस लई गयात तं भराव नही." त्यांना दोन्ही बाजू दिसत होत्या. मला तोवर एका वेळी एकच दिसायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून रजेचा अर्ज लिहून घेतला. नऊ वर्षांतली पहिली रजा, चार दिवसांची. कारणाच्या रकान्यात काय लिहू विचारलं तर म्हणाले, "लिखी दे, मांगाले जास." मी 'घरगुती' असं लिहिलं. शेजारच्या नाक्याचा माणूस बदलीला आला आणि आम्ही दोघे सपाटीवर उतरलो.

कापूस वेचून झाला होता. शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उभी होती. लहान शेतकरी त्या जळणाला नेतात, पण मोठ्या बागायतदारांकडे इतक्या, की उपटून बांधावर पेटवून देतात. डोंगरावरून दर वर्षी त्या जाळांचा धूर दिसायचा. नानांनी तो नऊ वर्षं पाहिला होता.

ते सरळ लोटूआबांच्या खळ्यावर गेले. लोटूआबा खाटेवर बसून सुपारी कातरत होते.

"या, सरकार!" ते खाटेवरून न उठता म्हणाले. "मना बैलसना डोका जप्त कराले उनात का?"

गडी हसले. नानांनी टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना मोळीशिवाय टोपी काढताना पहिल्यांदाच पाहत होतो.

"आबा, मांगाले उनू. तुम्हन्या पऱ्हाट्या द्या."

"कसाले? नाकावर कितला चुल्हा शेत तुम्हना?"

"तीस," नाना म्हणाले. "तीस चुल्हा शेत मना."

लोटूआबांचा अडकित्ता थांबला. ते नानांच्या हातातल्या टोपीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी हुकूम, शेर, बाळंतीण, सगळं थोडक्यात सांगितलं. खळ्यावर कोणी हसत नव्हतं.

"मी तं बांधवर पेटाडी देस," लोटूआबा शेवटी म्हणाले. "लई जा. पन उपटनी तुम्हीच. बाया येऊ द्या, मना वावर साफ करी देवोत, पऱ्हाट्या तेस्न्या. आनी गाडी मनी लई जा." मग आवाज चढवून, "आनी उभा का ऱ्हायनात? बठा! चहा तरी पेशात का त्यामाबी जंगल जास?"

नाना खाटेच्या कडेवर बसले. चहा प्यायले. जंगल गेलं नाही. लोटूआबांनी टेकूचं नावही काढलं नाही. म्हणूनच की काय, पुढच्या पावसाळ्यात नानांनी रीतसर परवानगी काढून बांबूचे कंद आणले आणि लोटूआबांच्या नाल्याकाठी स्वतः उभं राहून लावून घेतले. पण ते पुढचं.

बायकांनी पुढचे तीन दिवस पऱ्हाट्या उपटल्या. शेवटच्या दिवशी परतताना, गाडीत पऱ्हाट्यांवर बसल्या बसल्या, नाना मान चोळू लागले. मग म्हणाले, "बी.ए., मनी मान दुखस, हाई मी कोनले सांगं नव्हतं."

"हो, नाना."

"कोनी इचारंबी नव्हतं." आणि थोड्या वेळाने, जणू हिशेब जुळत नसल्यासारखं, "तीस जनीस्ले कसं काय दिसनं?"

बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

पाड्यात गाडी शिरली आणि त्या दिवशी सगळ्या घरांतून धूर निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी रायलीबाई नाक्यावर आली आणि नानांच्या चुलीवर पाण्याचा तांब्या ओतून मोकळी झाली. "आज तुनी चूल बंद. मन्हाकडे चाल."

"रायलीबाई, नाकेदारानं पानी पिधं..."

"पानी कोन दी ऱ्हायनं? भाकर शे."

नाना माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, कायद्यात भाकरीचं काही लिहिलेलं नाही. ते निघाले.

ज्वारीची भाकर, तिखट आमटी, वर कच्चा कांदा. नाना खाली मान घालून जेवले. रायलीबाईने न विचारता दुसरी भाकर वाढली, तिसरी अर्धी मोडून दिली. त्यांनी नको म्हटलं नाही. जेवल्यावर हात धुऊन ते तिच्या अंगणात भिंतीला टेकून बसले, पाय लांब केले, टोपी मांडीवर ठेवली. मी विहिरीच्या खडकाबद्दल काहीतरी सांगत होतो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की ते झोपले आहेत. तोंड थोडं उघडं, मान भिंतीला नीट टेकलेली. नाक्यावर आले त्या दिवसापासून ते भर दुपारी झोपले असतील, असं मला वाटत नाही.

तीन वाजले. डोंगरावरून मोळ्यांची रांग खाली आली. पऱ्हाटी भुरकन जळते, भाकरीला जाड लाकूड लागतंच, त्यामुळे मोळ्या येतच होत्या. मी नाक्यावर गेलो. आडवा बांबू वर उचललेला होता. काटा झाडाला टांगलेला होता. अडवणारं कोणी नव्हतं, आणि घरं समोर दिसत होती.

सगळ्यांत पुढच्या बाईने रिकामा नाका पाहिला. "नाना कोठे शेत?"

"झोपले आहेत," मी म्हटलं. "उठवतो."

"नको," ती म्हणाली. "झोपू दे त्यास्ले."

तिने मोळी बांबूच्या अलीकडे उतरवली आणि सावलीत बसली. तिच्यामागची बसली. तिच्यामागची. तीसच्या तीस मोळ्या ओळीने जमिनीवर आल्या. पलीकडे एक पाऊल टाकलं की घरची वाट होती, पण एकीनेही ते टाकलं नाही. कोणी पायातला काटा काढत होती, कोणी वेणी घालत होती. एका पोराने मोठ्याने ओरडून आईला हाक मारली, तर चार-पाच जणींनी एकदम त्याला गप्प केलं.

मी आज धुळ्याला नोकरी करतो. सभांना जातो, योजना लिहितो, लोक मला साहेब म्हणतात. त्या दुपारी मीही त्या बायकांमध्ये, बांबूच्या अलीकडे, सावलीत बसलो. नाना उठून येईपर्यंत जवळपास तास गेला. एवढ्या वेळात घरी जायची घाई कोणालाच झाली नाही.